पाऊल त्याचं, दिशा आपली : मोबाइलवर चालणारा चार पायांचा रोबोट

(नाशिक येथे उन्हाळी सुट्टीत झालेल्या विज्ञानविषयक व्याख्यानाचे शब्दांकन. व्याख्यानात रोबोट टेबलावर प्रत्यक्ष चालवून दाखवण्यात आला. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे.)



टेबलावर रोबोट ठेवलाय, पुढच्या रांगेतली मुलं केव्हाची त्याच्याकडेच बघतायत. तरी सुरुवात मी बैलगाडीपासून करणार आहे.

गाडीवान कासरा हातात धरून बसलेला असतो. आता मागचा डावा पाय उचल, आता पुढचा डावा टेकव, असं तो बैलाला कधी सांगतो का? नाही सांगत. तो जिभेनं आवाज काढतो, कासरा जरासा ओढतो. कुठं वळायचं हे गाडीवान सांगतो, पाऊल कसं टाकायचं हे बैलाचं बैल बघतो. आणि गाडीवानाला डुलकी लागली तर? बैल ओळखीच्या वाटेनं घरी येतात, नाहीतर कडेला उभे राहतात.

म्हणजे इथं तीन कामं आहेत. दिशा सांगणं, पाऊल टाकणं, आणि सांगणारा गप्प झाला तर काय करायचं ते ठरवणं. रोबोट बनवणारे आपण पहिल्या दोन कामांत इतके रमतो, की तिसरं विसरून जातो. मीही विसरलो होतो. माझा पहिला रोबोट या टेबलाएवढ्याच उंचीवरून खाली पडला. फोन माझ्या हातात होता, बटण सोडलेलं होतं, आणि तो चालतच राहिला. असं का झालं, ते शेवटाकडे सांगतो.

पाय कशाला, चाकं काय वाईट?

हा प्रश्न प्रत्येक वेळी येतो आणि तो रास्त आहे. या गुळगुळीत टेबलावर चाकांची गाडी माझ्या रोबोटला सहज हरवेल, बॅटरीही कमी खाईल. पण गोदाघाटावर जा. पहिल्याच पायरीशी चाक थांबतं. गाय मात्र त्याच पायऱ्या आरामात उतरते. चाकाला सलग रस्ता लागतो, पायाला फक्त टेकायला जागा लागते. मधे खड्डा असला तरी पाय पलीकडे पडतो.

माणसाला हे जुन्या काळापासून खुणावतंय. रशियन गणिती चेबिशेव यांनी नुसत्या दांड्या आणि सांधे जोडून चार पायांचं चालणारं यंत्र केलं होतं. ते १८७८ साली पॅरिसच्या प्रदर्शनात मांडलं गेलं. त्याला मेंदू नव्हता, एकच ठरलेली चाल होती. आपल्याकडची मुलंही यात मागे नाहीत. रोबोकॉन ही आशियाई विद्यार्थ्यांची रोबोट स्पर्धा २००२ पासून होते, २०१४ ची आंतरराष्ट्रीय फेरी आपल्या पुण्यात झाली. २०१९ साली यजमान मंगोलिया होता. घोड्यावरून निरोप पोचवण्याची त्यांची जुनी पद्धत त्यांनी विषय म्हणून घेतली आणि अट घातली, की दोनपैकी एक रोबोट चार पायांनी चालणाराच हवा. त्या वर्षी देशभरातल्या इंजिनिअरिंग कॉलेजांच्या वर्कशॉपमध्ये मुलं घोड्याच्या पावलांचा अभ्यास करत बसली होती.

आपला रोबोट पायऱ्या चढणार नाही, हे आधीच सांगतो. त्याचे पाय बोटाएवढे आहेत. पण पाऊल म्हणजे काय, हे तो नीट शिकवतो.

आधी वजनाचा हिशोब

प्रत्येक पायाला दोन सांधे. वरचा खुबा, तो पाय मागे-पुढे फिरवतो. खालचा गुडघा, तो पाय उचलतो आणि टेकवतो. चार पाय, दोन-दोन सांधे, म्हणजे आठ मोटारी. मी वापरल्यात त्या एसजी-९० जातीच्या छोट्या निळ्या सर्वो मोटारी. एकीचं वजन ९ ग्रॅम.

आता बेरीज करू. आठ मोटारी ७२ ग्रॅम. १८६५० आकाराचे दोन लिथियम सेल, साधारण ९० ग्रॅम. सांगाडा, बोर्ड, वायरी आणि स्क्रू धरून एकूण गेलं ३०० ग्रॅमवर. चालताना एखाद्या क्षणी हे सगळं वजन दोनच पायांवर येतं असं धरा. म्हणजे एका पायावर १५० ग्रॅम, अर्थात ०.१५ किलो. गुडघ्याच्या मोटारीपासून पाऊल आडवं ५ सेंटिमीटर लांब असेल, तर मोटारीला पेलायचा जोर ०.१५ गुणिले ५, म्हणजे ०.७५ किलो-सेंटिमीटर.

या मोटारीची ताकद कागदावर १.८ किलो-सेंटिमीटर लिहिलेली असते. पण तो आकडा मोटार अडून जागीच थांबते तेव्हाचा. रोजच्या कामाला त्याच्या निम्मा धरायचा, म्हणजे ०.९. आपली गरज ०.७५ आहे, म्हणजे जेमतेम बसलं. आता हौसेनं पाय ८ सेंटिमीटरचे केले तर? जोर लागेल १.२. रोबोट उभा राहील, थरथरेल, मोटारी तापतील, आणि आपण प्रोग्रॅममध्ये चूक शोधत रात्र घालवू. चूक प्रोग्रॅममध्ये नसतेच, ती पट्टीच्या मापात असते. सांगाडा कापायच्या आधी हा गुणाकार करा. सांगाड्याला ३ मिलिमीटरचं अ‍ॅक्रिलिक चालतं, प्लायवूडही चालतं. पहिला नमुना तर जाड पुठ्ठ्याचाच करा, चुका स्वस्तात होतात.

वीज : निम्मे रोबोट इथंच बसतात

अगदी ठरलेला अनुभव सांगतो. एकेक मोटार तपासली, छान फिरली. आठही जोडल्या, चालू केलं, रोबोट उठला, दचकला आणि परत बसला. पुन्हा उठला, पुन्हा बसला. उठाबशा काढत राहिला.

याचं कारण असं. ही मोटार अडली, की अर्ध्या ते पाऊण अँपिअरपर्यंत करंट ओढते. उठताना आठही मोटारी एकदम जोर लावतात, मागणी चार-पाच अँपिअरवर जाते. आर्डुइनो नॅनो बोर्डावरून किंवा यूएसबी वायरीतून एवढा करंट मिळत नाही. व्होल्टेज खाली येतं, मेंदू बंद पडून पुन्हा सुरू होतो, सुरू झाला की मोटारींना पुन्हा उठायला सांगतो. गल्लीत एकदम चार जणांनी गिझर लावले की दिवे मंद होतात, तोच प्रकार.

उपाय तीन. मोटारींना वेगळी वाट द्या. दोन सेल एकापुढे एक जोडले, की पूर्ण चार्ज असताना ८.४ व्होल्ट मिळतात. त्याचे ५ व्होल्ट करणारा, निदान ५ अँपिअर देणारा कन्व्हर्टर मोटारींसाठी घ्या आणि मेंदूसाठी दुसरा छोटा घ्या. मोटारींच्या वाटेवर १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावा, अचानकची मागणी तो क्षणभर सांभाळतो. आणि तिसरं, जे सगळे विसरतात. वाटा वेगळ्या असल्या तरी दोघांचं ग्राउंड एकत्र जोडायचं. ते जोडलं नाही, तर मेंदूनं पाठवलेला इशारा मोटारीला कळतच नाही, ती वेड्यासारखी हलत राहते.

मोटारीशी बोलायची भाषा

सर्वो मोटार साध्या मोटारीसारखी गरगर फिरत नाही. तिला कोन सांगायचा, ती तिथं जाऊन थांबते. आत दातऱ्या असतात आणि अक्षाला जोडलेला एक छोटा फिरता रोध असतो, रेडिओच्या आवाजाच्या बटणात असतो तसा. त्यावरून मोटारीला स्वतःची जागा समजते.

दर २० मिलिसेकंदांनी, म्हणजे सेकंदाला ५० वेळा, तिला एक ठोका पाठवायचा. ठोक्याची लांबी हाच निरोप. दीड मिलिसेकंदाचा ठोका म्हणजे मध्यभागी, कमी म्हणजे एका बाजूला, जास्त म्हणजे दुसऱ्या बाजूला. आर्डुइनोच्या सर्वो लायब्ररीत आपण नुसते अंश लिहितो, ठोके ती पाठवते.

एक काम मात्र हातानंच करावं लागतं. पाय बसवण्याआधी मोटारीला ९० अंशांवर न्या, मग पट्टी अडकवा. दातऱ्यांमुळे पट्टी अगदी हवी तिथं बसत नाही, काही अंशांचा फरक राहतोच. तो प्रत्येक मोटारीपुरता मोजून प्रोग्रॅमच्या सुरुवातीला आठ आकड्यांच्या यादीत लिहून ठेवा. हे टाळलं, तर रोबोट जन्मभर लंगडतो.

तिवई पडत नाही

आता पाऊल. चार पायांवर उभं राहणं सोपं आहे. एक उचलला, की उरल्या तीन. तिवई तीन पायांवर कधी डुगडुगत नाही हे खरं, पण वजन त्या तीन पायांच्या त्रिकोणाच्या आत पडायला हवं.

इथं एक गंमत आहे. (फळ्यावर चौकोन काढतात.) चार पावलं चौकोनाच्या चार कोपऱ्यांवर आहेत, वजन बरोबर मध्यावर. मी एक कोपरा पुसला. उरलेल्या तीन कोपऱ्यांचा त्रिकोण बघा. चौकोनाचा मध्य कुठं आला? त्रिकोणाच्या आत नाही, अगदी कडेवर आला. म्हणजे रोबोट पडेलही आणि राहीलही. टेबल जरा कलतं असेल, बॅटरी बोटभर सरकलेली असेल, तर पडतो. काल चालत होता, आज का पडतो, असं मुलं विचारतात. त्याचं उत्तर या कडेवर आहे.

म्हणून पाय उचलण्याआधी अंग सरकवायचं. जो पाय उचलायचा, त्याच्या तिरक्या समोरच्या पायाकडे सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर वजन न्यायचं आणि मगच उचलायचा. आपणही तेच करतो. उभं राहून उजवा पाय उचलून बघा. त्याआधी अंग नकळत डावीकडे जातं.

मग पाय कोणत्या क्रमानं उचलायचे? चार पाय गोल क्रमानं, एका वेळी एक, असे उचलायचे सहाच प्रकार होतात. कागदावर मांडून बघा. मॅकगी आणि फ्रँक या दोन अमेरिकन संशोधकांनी १९६८ साली गणितानं दाखवलं, की पुढे चालताना या सहांपैकी एकच क्रम सगळ्यांत स्थिर आहे. मागचा डावा, पुढचा डावा, मागचा उजवा, पुढचा उजवा. घरी जाताना रस्त्यात गाय सावकाश चालताना दिसली तर थांबून बघा. तिचा क्रम हाच असतो.

चालण्याच्या चौकटी

हे प्रोग्रॅममध्ये लिहायचं कसं? नाशिककरांना ही कल्पना परकी नाही. दादासाहेब फाळके आपल्या त्र्यंबकेश्वरचे. चित्रपट म्हणजे तरी काय? एकापुढे एक स्थिर चित्रं, भराभर दाखवलेली. रोबोटचं चालणं तसंच लिहायचं. एका चौकटीत आठ आकडे, आठ मोटारींचे कोन. अंग सरकवलं, ही पहिली चौकट. पाय उचलला, ही दुसरी. पुढे नेला, तिसरी. टेकवला, चौथी. असे चार पाय, म्हणजे सोळा चौकटींत एक आवर्तन झालं.

पण एका चौकटीतून पुढच्या चौकटीत उडी मारू नका. मोटार ६० अंशांवरून १२० वर एकदम गेली, तर अंगाला हिसका बसतो आणि करंटही उसळतो. दर २० मिलिसेकंदांनी दोन-दोन अंश सरका. ६० अंशांना तीस टप्पे, म्हणजे ६०० मिलिसेकंद. चाल संथ दिसते, पण डौलदार दिसते.

आणि हे टप्पे घालताना 'डिले' हा आदेश वापरू नका. डिले म्हणजे मेंदूला सांगणं, की इतका वेळ डोळे-कान बंद करून बस. तेवढ्यात तुम्ही फोनवरून 'थांब' म्हणालात, तर ऐकणार कोण? त्याऐवजी 'मिलिस' वापरून घड्याळ बघायचं. वीस मिलिसेकंद झाले का? झाले असतील तर एक टप्पा पुढे. नसतील तर फोनचं काही आलंय का ते बघ. बैल चालत असतो तेव्हाही त्याचे कान गाडीवानाकडे असतात.

फोन काय करतो?

फोन फारच थोडं काम करतो. तो एक अक्षर पाठवतो. पुढे, मागे, डावीकडे, उजवीकडे, थांब, अशी पाच अक्षरं. रोबोटवर एचसी-०५ नावाचा ब्लूटूथचा तुकडा आहे. सर्वसाधारण ९६०० च्या वेगावर एक अक्षर पोचायला एक मिलिसेकंद लागतो. फोनवरचं अ‍ॅप एमआयटी अ‍ॅप इन्व्हेंटरमध्ये करता येतं. ठोकळे जोडून करायचं असतं, सातवी-आठवीतली मुलं एका दुपारी करतात.

इथं दोन खाचखळगे आहेत. एचसी-०५ ऐकतो ३.३ व्होल्टवर आणि नॅनो बोलतो ५ व्होल्टवर, म्हणून त्या वायरीवर दोन रेझिस्टर लावून व्होल्टेज उतरवायचं. दुसरा खळगा म्हणजे सॉफ्टवेअर-सिरियल लायब्ररी. ती अक्षर वाचताना मेंदूची बाकी सगळी कामं थोपवून धरते, त्यात मोटारींचे ठोके चुकतात आणि बटण दाबलं की रोबोट शहारतो. त्यापेक्षा नॅनोच्या शून्य आणि एक क्रमांकाच्या पिनाच वापरा. प्रोग्रॅम चढवताना मात्र ब्लूटूथची वायर तेवढी काढून ठेवायची.

हुंकार

आता टेबलावरून पडलेला रोबोट.

झालं होतं असं. बटण दाबलं की फोन 'पुढे' पाठवायचा आणि बटण सोडलं की 'थांब' पाठवायचा. मी चालत जरा लांब गेलो, मधे माणसं आली, ब्लूटूथ तुटलं. मी बटण सोडलं, 'थांब' निघालं, पण पोचलंच नाही. रोबोटच्या दृष्टीनं शेवटचा हुकूम होता 'पुढे'. तो इमानेइतबारे पाळत तो कडेवरून खाली गेला.

चूक ब्लूटूथची नव्हती, दुवे तुटतातच. 'थांब' हा निरोप नक्की पोचेल, असं मी गृहीत धरलं होतं, ही चूक होती.

लहानपणी आजी गोष्ट सांगायची, तेव्हा आपल्याला 'हुं' म्हणत राहावं लागायचं. हुंकार थांबला की आजी गोष्ट थांबवायची, पोर झोपलं असं समजून. मी तेच केलं. आता बटण दाबून धरलं आहे तोवर फोन दर २०० मिलिसेकंदांनी 'पुढे, पुढे, पुढे' म्हणत राहतो. ५०० मिलिसेकंद हुंकार आला नाही, की रोबोट आपण होऊन थांबतो. थांबायला हुकूम लागत नाही, चालत राहायला लागतो. सगळा फरक इथं आहे.

पण थांबायचं म्हणजे काय करायचं? मी आधी मोटारींची वीजच तोडून पाहिली. रोबोट धपकन पोटावर बसला. मग आहे त्या स्थितीत गोठवून पाहिला, तर एक पाय हवेत, वजन कडेवर, धक्का लागला की पडला. बरोबर उत्तर असं निघालं, की उचललेला पाय आधी खाली टेक, अंग मध्यावर आण, आणि मग उभा राहा. थांबणं हीसुद्धा एक कृती आहे आणि ती आधी शिकवून ठेवावी लागते. प्रत्येक यंत्राचं थांबणं वेगळं असतं. पंख्याची वीज तोडली की भागतं. द्राक्षबागेवर फवारणी करणाऱ्या ड्रोनची हवेत वीज तोडली तर तो डोक्यावर पडेल.

अजून एक. निरोप बोर्डाच्या आत साठून राहतात. नॅनोत ६४ अक्षरांची रांग असते. जुनी अक्षरं एकेक करून पाळत बसलात, तर बटण सोडल्यावरही रोबोट मागची उधारी फेडत चालतो. म्हणून आलेली सगळी अक्षरं वाचून टाकायची आणि फक्त शेवटचं पाळायचं.

(फोनचं ब्लूटूथ बंद करून दाखवतात. रोबोट पाय टेकवून उभा राहतो.)

हे बघा. आता मी नाही. तरी तो उभा आहे.

प्रश्नोत्तरे

*प्रश्न : सर, माझ्याकडे आयफोन आहे. त्यावर चालेल का?*

एचसी-०५ बरोबर नाही चालणार, त्याची जुनी ब्लूटूथ पद्धत आयफोन अशा जोडणीला देत नाही. ईएसपी-३२ नावाचा बोर्ड घ्या. तो स्वतःचं वायफाय तयार करतो, फोनच्या ब्राउझरमध्ये १९२.१६८.४.१ उघडलं की बटणं दिसतात. मग फोन कुठलाही असो. हुंकाराचा नियम मात्र तिथंही ठेवायचा.

*प्रश्न (एका आजींचा) : नातू म्हणतो जुन्या लॅपटॉपचे सेल काढून वापरतो. देऊ का करू?*

आजी, त्याला माझं नाव सांगून थांबवा. लिथियम सेल वायरी चिकटल्या तर पेट घेऊ शकतो. नवे सेल, संरक्षक सर्किट आणि योग्य चार्जर घ्या. चार्जिंग मोठ्या माणसासमोर, रात्रभर लावून ठेवायचं नाही. एक सेल ३ व्होल्टच्या खाली उतरू द्यायचा नाही. आणि नातवाला नाही म्हणू नका, फक्त सेल बदला.

*प्रश्न (निफाड भागातले एक बागायतदार) : आमच्या विहिरीवरची मोटार मोबाइलवरनं चालते. तुम्ही सांगितलं ते तिला लागू आहे का?*

दादा, तिलाच सगळ्यांत जास्त लागू आहे. माझा रोबोट चुकला तर एखादा पाय तुटेल. तुमच्या मोटारीपाशी माणूस हात घालून बसलेला असतो. स्टार्टर 'ऑटो'वर असला, तर लाइट गेली, पुन्हा आली, की मोटार आपोआप सुरू होते. म्हणजे जुना हुकूम पाळला जातो, तो देणारा घरी जेवत असताना. म्हणून मोटारीला हात लावण्याआधी फोनवरच्या 'बंद' वर विसंबू नका. तिथंच मेन स्विच पाडा, फ्यूज काढून खिशात ठेवा, मगच पाना हातात घ्या. फोन हा दूरवरचा कासरा आहे. तो तुटू शकतो, असं धरूनच जवळचं काम करायचं.

*प्रश्न (पुढच्या रांगेतला एक मुलगा) : मी त्याला चालवू का?*

ये. बटण दाबून धर. सोडलंस की बघ तो आधी काय करतो.